चांगला चित्रपट सोमवारी का पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या मल्टिप्लेक्सला रविवारी दुपारी एक मराठी चित्रपट पाहिलात. पोस्टरवरून कुणासाठी आहे ते कळत नव्हतं, पण फार आवडला. शो पुष्कळ होते, हॉलमध्ये माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मंगळवारी ऑफिसातल्या चौघांना आग्रहानं सांगितलंत, त्यांनी शनिवारचा बेत केला, आणि शुक्रवारी ॲप उघडून बघतात तर शो गायब. त्याच महिन्यात ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली असा एक हिंदी चित्रपट कोटींवर कोटी कमावून गेला. मग चित्रपट चांगला असण्याचा आणि चालण्याचा काही संबंध आहे की नाही? सगळा खेळ जाहिरातीचा, की मल्टिप्लेक्सवाल्यांचा, की मराठी माणूसच मराठी चित्रपटाला जात नाही? आणि प्रेक्षक म्हणून आपल्या हातात काय आहे?

मी वितरणाच्या बाजूचा माणूस. मुंबईत चित्रपटांचं बुकिंग करतो. कुठल्या थिएटरला, किती वाजता, किती शो मिळतील याची घासाघीस, हे आमचं काम. मराठी जास्त, अधूनमधून छोटे हिंदी. पटकथेबद्दल माझं मत कुठल्याही प्रेक्षकाइतकंच समजा. पण चित्रपट थिएटरात लागल्यापासून उतरेपर्यंत त्याचं काय होतं ते रोजच्या कलेक्शन रिपोर्टमध्ये दिसत राहतं, त्यावर बोलू शकतो. कुठला चित्रपट चालेल हे मात्र आधी कुणालाच सांगता येत नाही. छातीठोकपणे सांगणारा कुणी भेटला तर त्याला पैसे उसने देऊ नका. पडलेला कशानं पडला हे बऱ्याचदा सांगता येतं, आणि ते कारण दर वेळी 'वाईट होता' हे नसतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शुक्रवारी लोक कशासाठी येतात हा एक, आणि सोमवारनंतर कशासाठी येतात हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चित्रपट न बघता द्यायचं असतं, कारण तोवर कुणी तो पाहिलेलाच नसतो. चांगला-वाईट हा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात येतो. बहुतेक चांगले चित्रपट पहिल्या प्रश्नावर अडखळतात आणि दुसऱ्याची पाळी यायच्या आत उतरवले जातात.

आधी पैशाचं सांगतो, कारण 'चालला' हा शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थानं वापरतो. तुमचं तिकीट २०० रुपयांचं होतं असं धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो त्या दोनशेतच असतो. म्हणजे साधारण साडेतीस रुपये सरकारला. उरले एकशे एकोणसत्तर-सत्तर. पहिल्या आठवड्यात त्यातले निम्मे थिएटर ठेवतं. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली जे भांडण झालं, जवळजवळ दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला लागले नाहीत, त्यानंतरच्या तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा ठरला. मराठीतही घासाघीस त्याच्याच आसपास होते. म्हणजे आपल्याकडे आले पंच्याऐंशी. त्यातून वितरकाचं कमिशन आणि डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे वजा करा, निर्मात्याच्या हातात सत्तरच्या मागेपुढे पडतात. जीएसटीच्या आधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता, २०१७ नंतर तो आधारही त्या रूपात उरला नाही.

आता तीन कोटींचा चित्रपट आणि वर एक कोटी पब्लिसिटी असा हिशेब करा. निर्मात्याला ग्रॉसच्या, म्हणजे तिकीटविक्रीच्या एकूण रकमेच्या, पस्तीसेक टक्के मिळतात असं धरलं तर फक्त थिएटरमधून चार कोटी परत यायला सव्वाअकरा-साडेअकरा कोटींचा ग्रॉस लागतो. सरासरी तिकीट पावणेदोनशेचं असेल तर साडेसहा लाख माणसं. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क आधी विकले गेले असतील तर हा डोंगर बराच लहान होतो. म्हणून पाच कोटी ग्रॉस करूनही एखादा निर्माता घरात तोंड लपवून बसतो आणि एका कोटीत चित्रपट काढलेला दुसरा तेवढ्याच पैशांत पेढे वाटतो. तुम्ही म्हणता त्या हिंदी चित्रपटाचंही तसंच. कोटींचे आकडे छापून आले म्हणजे तो नफ्यात गेला असं नाही. खर्च दोनशे कोटींचा असेल तर शंभर कोटींचा आकडा ही शोकसभेची बातमी असते. शिवाय छापलेल्या आकड्यांत कॉर्पोरेट बुकिंगची, म्हणजे घाऊक घेतलेल्या तिकिटांची, हवा किती, हा वेगळाच विषय. तो सोडून देऊ.

शुक्रवारची गोष्ट मला वाटतं लोकांना बऱ्यापैकी कळते. नट, गाणी, ट्रेलर, आधीच्या भागाची पुण्याई. पण मराठीत एक गोष्ट याहून जास्त चालते, आणि ती फार कमी निर्माते ओळखतात. प्रेक्षकाला 'हा आपला आहे' असं एका वाक्यात कळलं पाहिजे, आणि ते वाक्य त्याला घरात किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोलता आलं पाहिजे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा नावातच सगळं होतं. कुणासाठी आहे हे सांगायला वेगळी जाहिरात नको होती. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. पोस्टर बघून भिशीच्या ग्रुपला, जावांना, सोसायटीतल्या मैत्रिणींना कळलं की हा आपण सगळ्यांनी मिळून बघायचा आहे. एक तिकीट विकलं जात नव्हतं, दहा-बारा एकत्र जात होती. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही नावं तोवर कुणाला माहीत नव्हती, पण अजय-अतुलची गाणी आधीच वरातीत पोचली होती. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट, आणि त्याचा शुक्रवार नटांनी आणलेला नव्हता.

उलट मोठे नट असले की शुक्रवार नक्की, हाही भ्रमच. ११ ऑगस्ट २०२२ ला रक्षाबंधन होतं आणि पुढे शनिवार-रविवारला जोडून पंधरा ऑगस्टची सुट्टी. आमिर खानचा 'लाल सिंग चड्ढा' आणि अक्षय कुमारचा 'रक्षाबंधन' एकाच दिवशी लागले. दोन्ही बसले. का बसले यावर लोक अजून वाद घालतात. बहिष्काराच्या मोहिमा होत्या, तिकिटं महाग होती, लॉकडाऊननंतर लोकांची सवय मोडली होती. एकच कारण पुढे करणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्यापुरतं एवढंच की त्या दोन्ही चित्रपटांबद्दल प्रेक्षकाला घरी सांगता येईल असं वाक्य मिळालं नव्हतं.

आता सोमवार. तुमच्या प्रश्नाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

थिएटरचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवारचे आकडे सोमवारी सकाळी प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे थिएटरचे शो ठरवणाऱ्यांच्या, टेबलावर येतात. पुढच्या शुक्रवारी चार-पाच नवे चित्रपट दारात उभे असतात, त्यांना जागा करायची असते. कुणाला काढायचं हे ठरवायला बघतात ऑक्युपन्सी, म्हणजे शेकडा किती खुर्च्या भरल्या. चित्रपट किती सुंदर आहे हा रकाना त्या तक्त्यात नसतो. बुधवार-गुरुवारपर्यंत यादी पक्की होते.

तुमचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून बघा. तुम्ही रविवारी पाहिलात, मंगळवारी बोललात, त्या चौघांनी शनिवार ठरवला. यात कुणी आळशीपणा केलेला नाही. नोकरी करणाऱ्या, मुलं असलेल्या माणसाचं तोंडी शिफारशीवर थिएटरला जाणं हे इतक्याच वेगानं होतं. म्हणजे तोंडी प्रसिद्धीला पहिलं फळ धरायला सहा-सात दिवस लागतात आणि थिएटर निर्णय घेतं तिसऱ्या दिवसाच्या आकड्यांवर. चित्रपटाला दुसरा शनिवार बघायला मिळतो की नाही, यावर सगळं ठरतं.

त्यात निर्माते स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात तो असा. समजा चित्रपट अडीचशे थिएटरांत लावला, मिळून दिवसाला चारशे शो. दर शोला सरासरी दोनशे खुर्च्या धरल्या तर रोजच्या ऐंशी हजार. चित्रपट शांत प्रकृतीचा आहे, नट ओळखीचे पण गर्दी खेचणारे नाहीत. रोज आठ हजार माणसं आली. आठ हजार ही काही वाईट संख्या नाही. पण ऑक्युपन्सी आली दहा टक्के. सोमवारी प्रत्येक थिएटरला हा चित्रपट पडेल दिसतो आणि शुक्रवारी चारशेचे चाळीस शो होतात, तेही सकाळी दहाचे. तोच चित्रपट नीट निवडलेल्या जागी शंभर शोंत लावला असता तर खुर्च्या झाल्या असत्या वीस हजार. सगळे आठ हजार तिथवर गेले नसते, दोन हजार गळले म्हणा. तरी सहा हजार. तीस टक्के. तीस टक्क्यांच्या छोट्या चित्रपटाला सोमवारी कुणी हात लावत नाही, उलट एखादं थिएटर स्वतःहून संध्याकाळचा शो देतं. प्रेक्षक कमी, पण चित्रपट जिवंत.

आणि दहा टक्क्यांच्या हॉलमध्ये बसलेल्या माणसाचा अनुभवही वेगळा असतो. विनोद रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येतो. बाहेर पडताना माणूस 'बरा आहे' म्हणतो, तोच भरलेल्या हॉलमधून 'जाच' म्हणत बाहेर पडला असता.

मग निर्माते अडीचशे थिएटरं मागतात कशाला? पोस्टरवर छापायला बरं दिसतं. कधी हक्कविक्रीच्या करारात अट असते. कधी पायरसीची भीती. आणि पुष्कळदा अशी भाबडी समजूत की जितकी दुकानं तितकी विक्री. मोठ्या नटाच्या चित्रपटाला हे गणित बरोबर आहे. त्याचा प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांतच यायचा असतो, त्यामुळे जितक्या खुर्च्या तितकं बरं, लोक नावं ठेवायच्या आत वसुली आटोपते. तुम्ही ज्याला नावं ठेवलीत त्या चित्रपटानं हेच केलं. तो वाईट असूनही चालला असं म्हणण्यापेक्षा, लोकांना वाईट आहे हे कळेपर्यंत त्याचं काम झालेलं होतं. सावकाश प्रेक्षकाच्या चित्रपटाला हेच गणित मारून टाकतं. माझ्या धंद्यात मी पाहिलेल्या पडझडीचं सगळ्यात मोठं कारण हे: चित्रपटाच्या प्रेक्षकाचा वेग एक आणि त्याला लावण्याची पद्धत दुसऱ्याच वेगाची.

वेळेचंही असंच. मुंबईतला मराठी प्रेक्षक म्हणजे दादर, परळ-लालबाग, पार्ल्याची पूर्व बाजू, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण, आणि खाडीपलीकडे वाशी-पनवेल. यातला डोंबिवलीचा माणूस लोकलमधून लोंबकळत रात्री आठ-साडेआठला घरी पोचतो. त्याला बुधवारी संध्याकाळी पाचचा शो देणं म्हणजे न देण्यातच जमा. त्याचा खरा शो शनिवार-रविवार दुपारी तीन ते सातच्या मधला, आणि गृहिणींचा, निवृत्तांचा शो आठवड्याच्या मधल्या दिवशी बारा-एकचा. वयस्कर प्रेक्षकाच्या चित्रपटाला रात्री साडेदहाचे शो घेऊन 'आम्हाला प्राइम टाइम मिळाला' म्हणणारे निर्माते मी पाहिलेत. त्या वेळी त्यांचा प्रेक्षक औषध घेऊन झोपलेला असतो.

मराठी माणूस पैसे खर्च करत नाही, हा आरोप मला मान्य नाही. रविवारी दुपारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिराला जाऊन बघा. तीनशे-चारशे-पाचशे रुपयांचं तिकीट काढून घरं आलेली असतात. फरक असा की नाटक या महिन्यात चुकलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा लागतं. शिफारशीला पोचायला सवड मिळते. चित्रपटाला ती सवड आपण काढून घेतली.

पूर्वी ती होती. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा सुरुवातीला तो पडला अशीच कुजबुज होती. आजच्या हिशेबानं त्याचे शो दुसऱ्या आठवड्यात कापले गेले असते. पण तेव्हा थिएटरं आठवड्यांच्या करारावर घेतलेली असायची, चित्रपट जागेवर राहिला, लोक एकमेकांना सांगत गेले, आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला तो पाच वर्षं चालला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आधी मोजक्याच थिएटरांत ठेवला होता. मुंबईच्या लिबर्टी थिएटरचं तिकीट मिळत नाही हीच त्याची जाहिरात झाली. लोकांना वाटतं हे जुन्या काळचं झालं. तसं नाही. 'बारावी फेल' २७ ऑक्टोबर २०२३ ला लागला, पहिल्या दिवशी कोटीच्या थोडा वर, आणि पुढे आठवडेच्या आठवडे चालत पन्नास कोटींपलीकडे गेला. 'बाईपण भारी देवा'ची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त होती. दुसरा आठवडा पहिल्याला मागे टाकतो तेव्हा आमच्या धंद्यातली माणसं फोनवरचा आवाज बदलतात.

कुणी म्हणेल, चांगला होता म्हणून चालला, यात वेळेचं काय? त्यांच्यासाठी 'तुंबाड'चं उदाहरण. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो पहिल्यांदा लागला. पाहिलेल्यांनी वाखाणला, पण कमाई बेताची. तोच चित्रपट १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरला आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. २०१६ चा 'सनम तेरी कसम' फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा लागला, त्याचंही तेच झालं. मधल्या वर्षांत लोकांनी हे चित्रपट घरी पाहिले, एकमेकांना सांगितले, आणि शिफारस शेवटी थिएटरपर्यंत पोचली. इतका स्वच्छ प्रयोग या धंद्यात क्वचित बघायला मिळतो. चित्रपट तोच, निकाल उलटा.

तारखेबद्दल मात्र गरजेपेक्षा जास्त बोललं जातं असं माझं मत. परीक्षा, पितृपक्ष, आयपीएल, गणपतीचे दहा दिवस हे बघावं लागतं, नाही असं नाही. पण 'टक्कर झाली म्हणून पडला' हे पुष्कळदा घरच्यांना सांगायचं कारण असतं. १२ नोव्हेंबर २०१५ ची दिवाळी आठवा. सलमान खानचा 'प्रेम रतन धन पायो' एकीकडे, आणि त्याच दिवशी 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' असे दोन मराठी चित्रपट. धंद्यातल्या कितीतरी लोकांनी कपाळाला हात लावला होता. दोन्ही मराठी चालले. एक गाण्याच्या कानांचा, आईवडिलांना घेऊन जायचा, दुसरा तरुण जोडप्यांचा. प्रेक्षक एकमेकांच्या वाटेत आलेच नाहीत. एकाच प्रेक्षकाचे दोन चित्रपट एका शुक्रवारी आले तर मात्र दोघंही मरतात, हेही खरं.

गावाचं तर विचारूच नका. मुंबईत बसून 'महाराष्ट्रात चालेल' म्हणणं सोपं असतं. आमच्या धंद्याचे विभाग अजून जुन्या राजवटींच्या सीमांवर चालतात. मुंबई सर्किटमध्ये गुजरातही येतो, विदर्भ सीपी-बेरारमध्ये (म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) आणि मराठवाडा निजाममध्ये. हे नकाशे जुने आहेत, पण प्रेक्षकाची आवड बऱ्याचदा तशीच बदलते. ठाणे-पुण्यात हाउसफुल्ल जाणारा खुसखुशीत कौटुंबिक चित्रपट लातूरला एका शोवर येतो, आणि सांगली-बार्शीकडे धो धो चालणारा चित्रपट पार्ल्यात कुणाला माहीतही नसतो. 'सैराट'नं हे कुंपण मोडलं, म्हणून तो अपवाद ठरला.

मल्टिप्लेक्सवाल्यांबद्दल. अन्याय होतो का? होतो. मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक 'मला सगळे शो पाहिजेत, नाहीतर माझा पुढचा चित्रपट विसरा' अशा भाषेत बोलतो तेव्हा मराठीचे शो आधी कापले जातात. हे दुखणं जुनंही आहे. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर थिएटर मिळावं म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं होतं. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याचं ठरवलं, आणि मग बरीच ओरड होऊन प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ अशी व्याख्या झाली. बुधवारी दुपारी साडेबाराचा शोही मग प्राइमच. नियमानं शो मिळतो, खुर्चीवर माणूस बसवता येत नाही. आणि गेल्या काही वर्षांत दादरचं चित्रा बंद पडलं तशी एकपडदा थिएटरं एकेक करून मिटत चालल्यामुळे, लालबागच्या भारतमातासारखी हक्काची जागा आता विरळ झालीय. मल्टिप्लेक्सशी जुळवून घेण्यावाचून मराठी निर्मात्याला गत्यंतर नाही. तरी प्रामाणिकपणे सांगतो, मला दिसणाऱ्या पडलेल्या चित्रपटांत मल्टिप्लेक्सनं मारलेल्यांपेक्षा प्रदर्शनाच्या दहा दिवस आधीपर्यंत ज्यांचं नावच कुणाला माहीत नव्हतं असे जास्त असतात.

ओटीटी, परीक्षणं, पुरस्कार यांचं लवकर उरकतो. परीक्षणांनी छोट्या चित्रपटाला थोडी मदत होते, मोठ्याला इजा होत नाही. पुरस्कारानं चित्रपटाचं आयुष्य वाढतं, गल्ला वाढेलच असं नाही. आणि 'महिन्याभरात मोबाइलवर येईल' हे वाक्य आता प्रत्येक घरात आहे. 'लापता लेडीज' मार्च २०२४ मध्ये थिएटरला बेताचाच चालला आणि ओटीटीवर आल्यावर देशभर घराघरात पाहिला गेला. अशा चित्रपटाला पडलेला म्हणायचं का, हे तुम्ही कुठल्या खिडकीतून बघता त्यावर आहे. निर्मात्याला दोन्हीकडून मिळून पैसे सुटले असतील तर तो शांत झोपतो.

तर तुमच्या चित्रपटापुरतं. तुम्ही सांगितलंत त्यावरून दिसतं ते असं: पोस्टर बघून कुणासाठी आहे हे कळत नव्हतं, त्यामुळे शुक्रवार दुबळा. शो गरजेपेक्षा जास्त, त्यामुळे ऑक्युपन्सी खाली. ज्यांनी पाहिला त्यांना आवडला, पण त्यांचं बोलणं दुसऱ्या शनिवारपर्यंत पोचलं नाही. तो चित्रपट मी पाहिलेला नाही, हेही धरून चला. तुम्हाला आवडला तसा इतरांना आवडला नसेल, ही शक्यता उरतेच. ज्या चित्रपटाला लोकांनी पाहून नाकारलं त्याला कुठलंही बुकिंग वाचवत नाही, आणि असेही पुष्कळ असतात.

प्रेक्षक म्हणून तुमच्या हातात काय, हे तुम्ही शेवटी विचारलंत. आवडेल असं वाटणारा चित्रपट शुक्रवारी किंवा शनिवारी बघा, आणि तिकीट आदल्या दिवशी काढा. आगाऊ विक्री दिसली की शो टिकतो. आवडला तर त्याच रात्री बोला, मंगळवारची वाट बघू नका. आणि पन्नास-साठ माणसं जमत असतील, सोसायटी असो, महिला मंडळ असो, ऑफिस असो, तर थेट थिएटरच्या मॅनेजरला फोन करा. एवढ्या तिकिटांसाठी बरीच मल्टिप्लेक्सं उतरवलेल्या चित्रपटाचाही शनिवार-रविवारी सकाळचा एक शो लावून देतात. फक्त फोन सोमवारी किंवा मंगळवारी करा. गुरुवारी केलात तर पुढच्या आठवड्याची यादी गेलेली असते, आणि मॅनेजरची कितीही इच्छा असली तरी त्याच्या हातात काही उरत नाही.